शमीचा रोजा आणि आपला मोबाईल

गेल्या वर्षीचा तिसरा रोजा होता. ४ मार्च २०२५, मंगळवार. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना चालू होता, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आमच्या घरी दस्तरखान अंथरला होता, कढईत भजी तळली जात होती आणि मुलांचा एक कान अजानकडे, एक डोळा स्कोअरकडे होता. इतक्यात भाच्याने मोबाईल पुढे केला. सीमारेषेजवळ उभा असलेला मोहम्मद शमी आणि त्याच्या हातात पेयाची बाटली. एवढंच दृश्य.

"देखो, शमीने रोजा नहीं रख्या," भाचा म्हणाला.

इफ्तार झाली, मगरिब झाली आणि चहा पिता पिता आम्हीही तेच केलं जे त्या रात्री असंख्य लोक करत होते. ते दृश्य घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली एक ओळ लिहिली की ज्याला रोजा ठेवायचाच नसतो त्याला सफरचे आणि बीमारीचे बहाणे बरोबर सापडतात. शेवटी एक हसरा चेहरा. ग्रुपमध्ये बेचाळीस माणसं आहेत. कुणी हसलं, कुणी 'तौबा' लिहिलं, कुणी अंगठा दाखवला. आम्ही मोबाईल बाजूला ठेवला आणि तरावीहला गेलो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. एका शब्दाने वाक्याचा अर्थ कसा फिरतो हे रोज फळ्यावर लिहून दाखवतो. आपण लिहिलेल्या त्या एका ओळीने काय केलं, हे कळायला मात्र आम्हाला आठवडा लागला.

एकच मैदान, दोन वेळा

त्या सामन्यात शमीने तीन बळी घेतले, भारत चार गडी राखून जिंकला. पण दोन दिवसांनी बातम्यांत बळी नव्हते, बाटली होती. बरेलीच्या एका मौलानांनी शमीला शरीअतच्या दृष्टीने गुन्हेगार ठरवलं. वाहिन्यांना विषय मिळाला. मग इतर आलिम पुढे आले. मुसाफिर आणि आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. शमी देशाबाहेर होता, सफरमध्ये होता. मसला तिथेच संपायला हवा होता, पण संपला नाही. त्याच महिन्यात होळी आली आणि शमीच्या लहान मुलीचे रंग खेळतानाचे फोटो पाहून पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी तर विषय एका शाळकरी मुलीचा होता.

आता जरा मागे जाऊ. मैदान तेच, दुबईचं. तारीख २४ ऑक्टोबर २०२१. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. एकही बळी कुणाला मिळाला नव्हता, सगळेच गोलंदाज अपयशी ठरले होते. पण रात्रभर शिव्या पडल्या त्या शमीला. त्याचं नाव मोहम्मद होतं म्हणून त्याच्या देशनिष्ठेची झडती घेतली गेली. आपल्या मोहल्ल्यात त्या रात्री किती घरांत मन दुखावलं होतं हे आपल्याला आठवतं. आपण म्हणालो होतो, याच्या मनात काय आहे हे तपासायचा हक्क यांना कुणी दिला? त्याची गोलंदाजी बघा, ती चुकली असेल तर बोला.

काही दिवसांनी कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर शमीच्या बाजूने उभा राहिला. धर्मावरून कुणावर हल्ला करणं किती नीच आहे, हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याची किंमत त्याच्या नऊ महिन्यांच्या मुलीला मोजावी लागली. तिच्याबद्दल इंटरनेटवर इतकी घाणेरडी धमकी लिहिली गेली की मुंबई पोलिसांना गुन्हा नोंदवून हैदराबादहून एका तरुणाला अटक करावी लागली. पाळण्यातल्या मुलीने कुणाचं काय बिघडवलं होतं?

आम्ही हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मान खाली गेली. २०२१ मध्ये लोकांनी शमीच्या छातीत डोकावून विचारलं, हा पुरेसा भारतीय आहे का? २०२५ मध्ये आम्ही त्याच छातीत डोकावून विचारलं, हा पुरेसा मुसलमान आहे का? पहिल्या वेळी जे आम्हाला जुलूम वाटलं, ते दुसऱ्या वेळी दीनची सेवा वाटली.

फुफीचा रोजा

आता त्या ओळीचं काय झालं ते सांगतो.

आमच्या फुफी सदुसष्ट वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह, चार वर्षांपासून इन्सुलिन. शाबानमध्येच डॉक्टरांनी बजावलं होतं की यंदा रोजे नकोत. मुलाने फिदियाचे पैसेही काढून ठेवले होते, रोजच्या रोजाबद्दल एका गरिबाचं जेवण. पहिले तीन दिवस फुफीने डॉक्टरांचं ऐकलं. चौथ्या दिवसापासून त्या सहरला उठू लागल्या. सुनेला म्हणाल्या, आता बरं वाटतंय, डॉक्टरला विचारलंय. डॉक्टरांना काहीच विचारलेलं नव्हतं.

नवव्या रोजाला असरच्या सुमारास त्या जानमाजवरच कलंडल्या. घामाने कपडे भिजलेले, हात थरथरणारे, बोलणं अडखळणारं. सुनेने वेळीच ओळखलं, साखरेचं पाणी पाजलं, रिक्षा बोलावली. अल्लाहचा शुक्र की अर्ध्या तासात त्या सावध झाल्या. संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो आणि हक्काने रागावलो. असं का केलंत, कुणी सांगितलं होतं?

फुफी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुमच तो लिखे थे ना ग्रुप पे, बीमारी के बहाने बनाते लोगां करके. मेरे कू शरम आई."

आम्हाला उत्तर सुचलं नाही. आम्ही ते फुफीसाठी लिहिलं नव्हतं, दुबईतल्या एका खेळाडूसाठी लिहिलं होतं, जो ते कधी वाचणारही नव्हता. शमीपर्यंत ती ओळ पोहोचलीच नाही. जिच्यापर्यंत पोहोचली तिने ती आपल्याच अंगाला लावून घेतली.

मोठ्या माणसाच्या खासगी गोष्टीवर बोलताना आपल्याला वाटतं की तो दूर आहे, श्रीमंत आहे, त्याला काय फरक पडतो. पण ऐकणारी माणसं जवळची असतात. नटीच्या घटस्फोटावर आपण जे हसत बोलतो ते माहेरी परत आलेली आपली भाची ऐकत असते. नेत्याच्या मुलाच्या नापास होण्यावर केलेला विनोद दहावीला अडखळलेला आपलाच मुलगा ऐकत असतो. सगळी एकाच घरात, एकाच ग्रुपमध्ये असतात.

एका महिन्याची अफवा

प्रसिद्ध घराण्याच्या खासगी आयुष्याबद्दल अफवा पसरणं मोबाईलने सुरू केलेलं नाही. आपल्या इतिहासात याचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरचं आहे.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांचा हार हरवला. तो शोधायला त्या गेल्या आणि तेवढ्यात काफिला पुढे निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना उंटावर बसवलं आणि स्वतः उंटाची दोरी धरून पायी चालत काफिल्यापर्यंत आणलं. घटना एवढीच. पण अब्दुल्ला बिन उबईसारख्या मुनाफिकांनी तिला असं वळण दिलं की मदिन्यात महिनाभर कुजबुज चालली. हजरत आयेशा (रजि.) आजारी होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. एका स्त्रीच्या तोंडून योगायोगाने कळलं तेव्हा त्या रडून रडून अर्ध्या झाल्या. शेवटी सूरह नूरच्या आयती उतरल्या आणि त्यांची निर्दोषता जाहीर झाली.

या प्रसंगातल्या तीन गोष्टी आम्हाला शमीच्या निमित्ताने पुन्हा वाचाव्या लागल्या.

पहिली, अफवा रचणारा मुनाफिक होता, पण ती पुढे नेणाऱ्यांत साधे, प्रामाणिक मुसलमानही होते. कुरआनने त्यांना जे सुनावलं त्याचा आशय असा की तुम्ही ती गोष्ट जिभेवरून जिभेवर घेत होतात, तिला हलकी समजत होतात, अल्लाहकडे मात्र ती फार जड होती. आज जिभेच्या जागी अंगठा आहे, आणि तो जिभेपेक्षा वेगाने चालतो.

दुसरी गोष्ट एका नवरा-बायकोची. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरात हा विषय निघाला तेव्हा त्यांनी पत्नीला विचारलं, तू असं काही केलं असतंस का? त्या म्हणाल्या, अल्लाहची कसम, कधीच नाही. ते म्हणाले, मग आयेशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत. विषय तिथेच मिटला. गावभर चर्चा चालू असताना एका घराने ती आपल्या उंबरठ्यावर थांबवली. त्यासाठी ना पुरावा गोळा केला, ना वाद घातला. फक्त समोरच्याला आपल्या जागी ठेवून पाहिलं.

तिसरी गोष्ट माफीची. अफवेत सामील झालेले मिस्तह हे हजरत अबू बकर (रजि.) यांचे नातलग होते आणि त्यांच्याच मदतीवर जगत होते. मुलीची बदनामी करणाऱ्याला मदत करणार नाही, असं हजरत अबू बकर (रजि.) म्हणाले. तेव्हा माफ करण्याची शिकवण देणारी आयत उतरली आणि त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. चूक करणाऱ्याला परतीचा रस्ता असतो, हेही त्याच सूरहने सांगितलं.

सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी, तजस्सुस म्हणजे दुसऱ्याच्या गुप्त गोष्टी हुडकणं, आणि गीबत या तिन्हींची मनाई एकाच आयतीत, एकापाठोपाठ आली आहे. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मनात शंका येते, मग माणूस खिडकीतून डोकावतो, मग जे दिसलं ते चारचौघांत सांगतो. आमच्या दस्तरखानावर त्या संध्याकाळी हे तिन्ही टप्पे दहा मिनिटांत पार पडले होते.

मग विचारायचंच नाही का?

इथे वाचक म्हणतील, मग मोठ्या माणसांना कुणी काही विचारायचंच नाही का? नेता, अधिकारी, आलिम, नट, खेळाडू, सगळ्यांनी 'आमचं खासगी आहे' म्हणून दार लावून घ्यायचं?

नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतले दोन प्रसंग आपल्याकडे नेहमी सांगितले जातात. ते एकत्र ठेवले की उत्तर सापडतं.

एकदा वाटणीत प्रत्येकाला कापडाचा एकेक तुकडा मिळाला. हजरत उमर (रजि.) मिंबरवर आले ते त्या कापडाचा पूर्ण पोशाख घालून. एक माणूस भर सभेत उठला आणि म्हणाला, आम्हाला एक तुकडा मिळाला, त्यात तुमच्यासारख्या उंच माणसाचा पोशाख होत नाही, हे जास्तीचं कापड आलं कुठून? खलीफा रागावले नाहीत. त्यांचे पुत्र अब्दुल्ला यांनी उठून सांगितलं की मी माझा तुकडा वडिलांना दिला. माणसाचं समाधान झालं. अंगावरचा कपडा खरं तर किती खासगी गोष्ट! पण ते कापड बैतुलमालचं होतं, लोकांचं होतं. म्हणून प्रश्न रास्त होता आणि उत्तर देणं भाग होतं.

दुसरा प्रसंग रात्रीचा. गस्त घालताना एका घरातून आवाज आला. हजरत उमर (रजि.) भिंत चढून आत उतरले तर तो माणूस दारू पीत होता. पकडला गेला तरी तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझी चूक एक, तुमच्या तीन. कुरआनने टोह घेऊ नका म्हटलं, तुम्ही घेतलीत. घरात दारातून या म्हटलं, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामशिवाय शिरू नका म्हटलं, तुम्ही शिरलात. हजरत उमर (रजि.) यांनी ते मान्य केलं आणि त्याला सोडून दिलं.

म्हणजे खलीफाला भर मशिदीत जाब विचारता येतो, पण खलीफालाही एका सामान्य माणसाच्या भिंतीवरून डोकावता येत नाही. जे लोकांचं आहे त्याचा हिशेब मागा. जे घराचं आहे ते घरातच राहू द्या.

आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो. मशिदीच्या ट्रस्टचा वर्षाचा हिशेब मागायला आपली जीभ रेटत नाही, पण ट्रस्टींच्या मुलीने लग्न कुणाशी केलं यावर तासभर बोलतो. वक्फची जमीन कुणाच्या ताब्यात आहे हे विचारत नाही, नगरसेवकाच्या दुसऱ्या बायकोबद्दल मात्र सगळं ठाऊक असतं.

आणि घरातच जुलूम होत असेल तर? हा प्रश्नही टाळता येणार नाही, कारण शमीचंच उदाहरण समोर आहे. त्याच्या पत्नीने २०१८ मध्ये त्याच्यावर गंभीर आरोप केले. त्यात मॅच-फिक्सिंगचा भाग क्रिकेट मंडळाचा होता, तो मंडळाने तपासला आणि शमीला निर्दोष ठरवलं. पोटगीचा आणि छळाच्या तक्रारीचा भाग न्यायालयाचा होता, तो न्यायालयात गेला. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलीसाठी मिळून दरमहा ४ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. जिच्यावर अन्याय झाला असं तिला वाटतं तिला बोलण्याचा, दाद मागण्याचा पूर्ण हक्क आहे. सूरह निसामध्येही वाईट गोष्ट उघड बोलण्याची सूट मजलूमला दिलेली आहे. 'घरची अब्रू' म्हणून कुणा स्त्रीला गप्प बसवणं हा खासगीपणा नव्हे, तो दुसरा जुलूम झाला. पण दार आतून उघडून मदत मागणं वेगळं आणि बाहेरच्याने भिंत चढणं वेगळं. मंडळाचं काम मंडळाने केलं, न्यायालयाचं न्यायालयाने. त्या नवरा-बायकोच्या भांडणात आमच्या बेचाळीस जणांच्या ग्रुपला काय काम होतं, हे आम्हाला अजून सापडलेलं नाही.

'त्यांनीच तर दाखवलं!'

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ही माणसं स्वतःच लग्नाचे, उमराहचे, बाळाचे फोटो टाकतात, मग आम्ही बोललो तर बिघडलं कुठे? आमच्या मते उत्तर साधं आहे. पाहुण्यांसाठी बैठकीची खोली उघडली म्हणजे माजघर उघडलं असं होत नाही. काय दाखवायचं आणि कुठे थांबायचं हे घरधनी ठरवतो.

मार्च २०१८ मध्ये इरफान खानने कळवलं की आपल्याला एक दुर्मिळ आजार झालेला दिसतो, तपासण्या चालू आहेत, नक्की कळल्यावर मीच सांगेन, तोवर तर्क करू नका. त्या दिवसांत लोकांनी त्याला हवा तो आजार लावून टाकला. काही दिवसांनी त्याने स्वतः आजाराचं नाव सांगितलं. २०२० च्या एप्रिलमध्ये, रमजानच्याच दिवसांत, तो गेला. आपला आजार कधी आणि कुणाला सांगायचा, एवढं ठरवायला त्याला थोडा अवधी हवा होता.

जानेवारी २०२४ मध्ये सानिया मिर्झाच्या कुटुंबाने जाहीर केलं की तिचा काही महिन्यांपूर्वीच तलाक झाला आहे, आणि तर्कवितर्क न करण्याची विनंती केली. म्हणजे ती इतके महिने आपलं दुःख झाकून जगत होती. त्या आठवड्यात एका लग्नात आम्ही बसलो होतो, तिथे जेवणाच्या पंगतीत सानियाच्या संसाराचा निकाल लागला. कपड्यांमुळे झालं, खेळामुळे झालं, कमाईमुळे झालं. शेजारी दोन वर्षांपूर्वी खुला घेतलेली एक मुलगी बसली होती. ती हात न धुताच उठून गेली.

झायरा वसीमचं उदाहरण आणखी बोलकं आहे. 'दंगल'मधून घराघरात पोहोचलेल्या या मुलीने जून २०१९ मध्ये चित्रपट सोडत असल्याचं जाहीर केलं. पुढे तिने चाहत्यांना विनंती केली की माझे फोटो आपल्या पानांवरून काढून टाका. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिच्या निर्णयाला 'माशाअल्लाह' म्हटलं, आणि ते म्हणताना खाली तिचाच जुना फोटो लावला! स्तुती करतानाही आपण तिची एकच मागणी ऐकली नाही.

राहिली मुलं. विराट आणि अनुष्काने मुलीच्या जन्मानंतरच विनंती केली होती की तिचे फोटो छापू नका. २३ जानेवारी २०२२ रोजी केपटाऊनच्या सामन्यात कॅमेरा प्रेक्षागृहाकडे वळला आणि तो चेहरा जगभर गेला. आईवडिलांना पुन्हा विनंती करावी लागली. मोठ्यांनी प्रसिद्धी निवडलेली असते, मुलांनी नाही. शमीच्या मुलीने तर फक्त रंग खेळला होता.

कायदा कुठपर्यंत येतो?

आपल्या देशाचा कायदाही साधारण याच दिशेने चालला आहे. १९९४ मध्ये एका तमिळ नियतकालिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्वतःचं घर, विवाह, मुलंबाळं, शिक्षण यांची गोपनीयता जपण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. मात्र जे सरकारी किंवा न्यायालयीन कागदपत्रांत आधीच नोंदलेलं आहे त्यावर लिहिता येतं, आणि सरकारी अधिकाऱ्याला आपल्या कामाच्या बाबतीत खासगीपणाची ढाल घेता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंहच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली, म्हणजे माणसाचा आवाजसुद्धा त्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही.

धमकी, बदनामी, अश्लील चित्रं यांना शिक्षा आहेच. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, त्यातून व्यक्तीने घरगुती, खासगी कारणासाठी केलेला वापर वगळला आहे. तसं करणं योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक घरात पोलीस शिरेल. पण याचा अर्थ असा की घराण्याच्या ग्रुपवर आपण कुणाबद्दल काय पाठवतो, त्यावर सहसा कुणी न्यायाधीश बसलेला नाही. तिथे फक्त आपण आणि आपला अल्लाह.

आमच्या घरात काय ठरलं

फुफी बऱ्या झाल्यावर आम्ही त्याच ग्रुपवर लिहिलं की ती ओळ चुकीची होती, शमीच्या बाबतीतही आणि आजारी असलेल्या प्रत्येकाच्या बाबतीतही, आम्हाला माफ करा. क्लिप पाठवायला पाच सेकंद लागले होते, ही माफी लिहायला आणि पाठवायला दोन दिवस. काही जणांनी 'इतकं काय मनाला लावून घ्यायचं' म्हटलं. चुलत भावाने मात्र फोन करून हळूच सांगितलं की त्यालाही मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि तो दोन वर्षं रोजे ठेवू शकलेला नाही. घराण्यात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग आम्ही मुलांना घेऊन बसलो आणि चार गोष्टी ठरवल्या. एखाद्या प्रसिद्ध माणसाबद्दल काही आलं की आधी विचारायचं, हे त्याच्या कामाबद्दल आहे की त्याच्या घराबद्दल? कामाबद्दल असेल तर खरं आहे का ते पाहून बिनधास्त बोलायचं. घराबद्दल असेल तर ते आपल्या मोबाईलवर थांबवायचं. कुणाच्याही लहान मुलाचा फोटो पुढे पाठवायचा नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. आणि चौथी गोष्ट अबू अय्यूब (रजि.) यांच्या घरातली: हीच गोष्ट आपल्या घरातल्या कुणाबद्दल आली असती तर?

शाळेतही नववीच्या वर्गात हा विषय आम्ही निबंधाला दिला. एका मुलाने लिहिलं की शमीला विचारायचंच असेल तर त्याचा यॉर्कर का चुकतो ते विचारावं. आम्ही त्याला दहापैकी आठ दिले, दोन शुद्धलेखनाचे कापले.

या वर्षीच्या रमजानमध्ये फुफीने एकही रोजा ठेवला नाही. फिदिया चाँदरातीलाच मोहल्ल्यातल्या एका बेवा बाईकडे पोहोचला. एका दुपारी जुहरनंतर आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात बसून चपाती आणि डाळ खात होत्या. पाटावर औषधाची डबी होती. गेल्या वर्षी पहिल्या तीन दिवसांत त्या दार लावून जेवायच्या, सून सांगत होती. या वेळी दार उघडं होतं. आम्हाला पाहून त्यांनी ताट झाकलं नाही. "आओ, बैठो," म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.